मागच्या टाकीतलं पाणी

हौसराव आप्पांच्या बंगल्यात मासे आले ते कुणाला आवड होती म्हणून नाही. पुण्याहून एक वास्तुवाला आला, हॉलमध्ये उभं राहून त्यानं होकायंत्र फिरवलं आणि ईशान्येच्या कोपऱ्यात पाणी हवं असं सांगून गेला. पाण्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळा. काळा कशाला, तर घरावर येणारं तो स्वतःच्या अंगावर घेतो म्हणे. आप्पांनी चार फुटी काचेची पेटी आणली, मागं निळा कागद लावला, बुडबुडे सोडणारी मोटर बसवली. त्यांच्या मंडळी साखरवहिनी मला म्हणाल्या, "माझ्या देवघरात एक ट्यूब लावा म्हणून चार वर्सं घसा कोरडा केला. माशांच्या डोक्यावर बघ, दोन लावल्यात."

आम्ही दोघी हसलो. त्या घरात मी अशी हसतखेळत वावरायचे, कारण आप्पा माझे भाऊ होते. रक्ताचे नाही, मानलेले.

माझं नाव साधना. नवरा संपत, रांजणगावला कंपनीत, तेव्हा अजून कॉन्ट्रॅक्टवरच. आमचं घर मूळचं मेंढपाळांचं. सासूबाई अनसाबाई, त्यांना मी आत्या म्हणते, जन्मभर मेंढरांमागं चालल्या. गुडघे गेले तेव्हा, नव्याण्णव साली, शेवटची मेंढरं विकून आम्ही शिरूरजवळ, नगर रस्त्यापासून आत, आप्पांनी स्वतःच्या शेतात पाडलेल्या प्लॉटांपैकी एक घेतला. चार घरं, चार नळ आणि चौघांत मिळून एक बोअर. दारात पाणी येतं याचंच आम्हाला इतकं अप्रूप, की ते कसलं येतं हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पहिल्याच वर्षी भाऊबीजेला माझा सख्खा भाऊ बिरदेव मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागला होता. त्याचं घर दौंड तालुक्यात, पाटसजवळच्या एका वाडीत, पण दिवाळीत तो घरी कधी सापडायचा नाही. मी उंबऱ्यात बसून डोळे पुसत होते. आप्पा बोअरची मोटर बघायला आले होते. म्हणाले, "रडतीस कशापायी? मी काय मेलोय? ववाळ मला." आणि खरंच पाटावर येऊन बसले. एवढा सोसायटीचा चेअरमन, गावात ज्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, तो माझ्या पत्र्याच्या खोलीत टोपी सारखी करून बसला. तेव्हापासून दर भाऊबीजेला आधी आप्पा, मग जमलं तर बिरदेव. माझी मुलगी अंकिता त्यांना मामाच म्हणायची. आणि मी, मूर्ख बाई, बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की कारण नसताना आप्पांचं नाव काढायचे.

अंकिता सहा वर्षांची झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. कधी तोंडात फोड यायचे, कधी हातापायांना खाज सुटायची, जेवण तर नकोच. शिरूरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग कावीळ तपासली, मग उलट मलाच विचारलं की बाहेरचं काय काय खायला घालता. गंमत अशी, की सुट्टीत पाटसला बिरदेवकडं आठ दिवस राहिली की पोरगी ठणठणीत. परत आली की पंधरा दिवसांत पुन्हा पोट धरून बसायची. शेजारची धुरपदा, तिच्या पदरात तान्हं बाळ होतं, मला म्हणायची, "मामाकडं लाड व्हत्यात. हितं आली की शाळा चुकवायची नाटकं." मलाही ते पटायचं. त्या नाटकांसाठी मी अंकिताला दोनदा मारलंय. ते मी कुणाला सांगत नाही.

आता माघातली गोष्ट सांगते, २००४ सालची, कारण सगळं तिथं बिघडलं. बिरदेव त्या वर्षी कोकणात उतरलाच नाही. चराऊ रानं राहिली नव्हती, बायको पोरांना शाळेत घाला म्हणून मागं लागली होती. आमच्या शेजारचा प्लॉट घ्यावा असं त्याच्या मनात होतं, नव्हे, ते त्याच्या मनात मीच भरवलं होतं. आपला भाऊ भिंतीला भिंत लावून राहणार, या विचारानं मी हरखून गेले होते. तो मेंढरं घेऊनच आला. बोअरजवळ आप्पांनी सिमेंटचा हौद बांधला होता, बिरदेवनं तो काठोकाठ भरला आणि मेंढरं सोडली.

मेंढरं तहानलेली होती, घोडनदीपासून चालत आलेली. हौदाशी गेली, तोंडं खाली घातली आणि मागं सरली. एकही प्यायलं नाही. बिरदेवनं शीळ घालून पुन्हा पुढं घेतली, तरी तेच.

आत्या ओट्यावरून उठल्या. आमच्यात नव्या मुक्कामाला आधी मेंढरं पाणी पितात, मग माणसं. मेंढरं मागं सरली तर बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि पुढं चालायचं, त्यावर कुणी चर्चा करत नाही. आत्या म्हणाल्या, "तान्हेली जनावरं हायेत आन् तोंड लावंनात. आप्पा, ह्ये बरं न्हाई."

"नवा हौद हाय, अनसाबाई," आप्पा म्हणाले. "सिमिटाचा वास येतोय त्यास्नी."

"असंल बी. पर तुम्ही भंडारा उचला."

आमच्याकडं खंडोबाचा भंडारा हातात घेऊन जो बोलला, तो खोटं बोलला असेल असं मनातसुद्धा आणत नाहीत. लग्नं त्यावर ठरतात, बांधाची भांडणं त्यावर मिटतात. आत्यांनी कमरेची पिशवी सोडून पुढं केली. आप्पांनी क्षणभरही अनमान केला नाही. चिमूट घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "खंडेरायाच्या साक्षीनं सांगतो, ह्या बोअरचं पाणी तुमच्या नातवंडांस्नी बी कमी पडणार न्हाई."

आत्यांचा चेहरा मोकळा झाला. बिरदेव मात्र अजून हौदाकडंच बघत होता. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "आम्ही पाच वर्सं ह्येच पितोय. घे बिनघोर."

त्यानं प्लॉट घेतला. चाकणच्या बाजारात सगळी मेंढरं एका दिवसात गेली. घरी परतल्यावर तो दोन दिवस जेवला नव्हता, असं भावजय म्हणाली. चैत्रात पाया भरला, भिंती उठल्या. मेंढरांचं न ऐकता माणसाचं ऐकायचं, ही चूक आमच्या सात पिढ्यांत कुणी केली नव्हती. ती आम्ही शिकल्यासवरल्यावर केली.

मे महिन्यात आप्पा आणि साखरवहिनी पंधरा दिवसांच्या यात्रेला निघाले, देवदर्शनाची बस होती. बंगल्याच्या किल्ल्या माझ्याकडं. साखरवहिनींनी तुळस, दूध, मांजर सगळं समजावलं. आप्पांनी मासे समजावले. शिरूरच्या दुकानदारानं दिलेला एक कागद होता, त्यावर लिहिलेलं: दर चौथ्या दिवशी पाव भाग पाणी बदला, बदलायचं पाणी एक दिवस भरून ठेवा, साबणाचा हात लावू नका, पावडरचं पाणी घालू नका. आप्पांनी कागद मला वाचून दाखवला आणि वर तोंडी सांगितलं.

"पाणी मागच्या टाकीतलंच घालायचं. मळ्यातल्या इहिरीवरनं जी पाइपलाइन आणलीय ना, तिचं. दुसरं कुठलं घालू नको."

"बोअरचं बी न्हाई?"

"कुठलंच न्हाई म्हणलं की. माशांचं लई नाजूक असतं गं."

ही पाइपलाइन त्यांनी गेल्या दिवाळीच्या आसपास टाकली होती. त्या आधी बंगल्यातही बोअरचंच पाणी यायचं. मला वाटलं, मोठ्या लोकांची कामं, बागेला लागत असेल जास्तीचं पाणी. त्यात संशय घेण्यासारखं काय होतं, ते मला आजही कुणी सांगावं. भावाच्या घरी नवी पाइपलाइन आली तर बहीण काय विचारणार, का रे बाबा आणलीस म्हणून?

अकरा दिवस सुरळीत गेले. अंकिता माशांना दाणे टाकायला माझ्याबरोबर यायची, काचेला नाक लावून बसायची. काळ्या माशाचं नाव तिनं मुकादम ठेवलं होतं. बाराव्या दिवशी पाणी बदलायची पाळी होती आणि मागची टाकी कोरडी. मळ्यातल्या गड्यानं, म्हाळूनं निरोप दिला, विजेच्या कमीजास्तीनं विहिरीवरची मोटर जळाली, आप्पा आल्याशिवाय दुरुस्त व्हायची नाही. पेटीतलं पाणी तर गढूळ व्हायला लागलं होतं.

आता माशांसाठी पाणी शोधायची वेळ आली. शिरूरच्या नळाचं आणावं, तर त्यात पावडर इतकी की चहासुद्धा दवाखान्यासारखा लागतो, आणि कागदावर तर लिहिलंच होतं की पावडरचं पाणी माशाला विष. घोडनदीत मे महिन्यात डबकी उरलेली, त्यात म्हशी. कॅनॉलला पाणी सुटलं नव्हतं. टँकरवाला कुठून भरून आणतो ते देवाला ठाऊक. राहिलं माझं बोअरचं. मी म्हटलं, जे पाणी माझी पोर पिते ते या माशांना चालणार नसेल, तर आप्पांनी त्यांचे फारच लाड करून ठेवलेत. चार हंडे भरले, कागदावर लिहिल्याप्रमाणं एक दिवस झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत ओतले. अगदी हळू, ताटलीवर धार धरून.

दुपारी आम्ही दाणे टाकायला गेलो तर मासे वर येऊन तोंडं उघडत होते. एक तिरका पोहत होता. मी हवेची मोटर बघितली, चालू होती. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत नऊच्या नऊ मेले. अंकिता रडून रडून दमली. मीही रडले, खोटं कशाला सांगू, पण माझं रडू निराळंच होतं. आप्पांनी विश्वासानं घर सोपवलं आणि मी त्यांच्या घराचं सुख मारून टाकलं, असं मला वाटत होतं. रात्री मी संपतला म्हणाले की पुढच्या महिन्यात काटकसर करू, पण तसेच नऊ आणून ठेवू.

दुसऱ्या दिवशी आप्पा संध्याकाळी पोचणार होते. मी सकाळीच शिरूर गाठलं. स्टँडमागं सोपानराव म्हणून एका गृहस्थांचं माशांचं दुकान आहे. आधी ते कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. कागद त्यांनीच लिहिलेला. पुन्हा चूक नको म्हणून मी बाटलीभर बोअरचं पाणी बरोबर घेतलं होतं, किती दिवस भरून ठेवायचं ते विचारायला.

त्यांनी पाणी काचेच्या बरणीत ओतलं, एका बाटलीतले दोन थेंब टाकले, रंग बघितला. मग एक छोटासा मासा जाळीनं उचलून त्यात सोडला. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. तासाभरात तो मासा आडवा झाला.

"ताई, हे पाणी हौसराव आप्पांच्या प्लॉटवरचं ना?"

"व्हय. तुम्हाला कसं ठाव?"

"त्यांच्याकडचे पहिले मासे दसऱ्याला मेले. तेव्हा त्यांनी हेच पाणी आणलं होतं. मी पुण्याला तपासायला पाठवलं. रिपोर्ट मीच त्यांच्या हातात दिला. वरच्या आप्पांच्या बंद खाणीत कंपनीच्या सांडपाण्याचे टँकर रिकामे होतात ना, ते खाली उतरतंय. मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, आप्पा, माशांचं सोडा, हे माणसांना देऊ नका."

ते टँकर मी दोन वर्षं बघत होते. मला वाटायचं, खडीच्या मशीनला पाणी नेतात.

"पर आम्ही तर पितोय," मी म्हणाले. "मेलो न्हाई."

"माणूस मोठं जनावर आहे. त्याला उशीर लागतो," सोपानराव म्हणाले, आणि मग दाराकडं बघून आवाज खाली आणला. "माझं नाव घेऊ नका. हा गाळा आप्पांचा आहे."

मी स्टँडवर येऊन बाकावर बसले. दसरा, मग दिवाळी, मग माघ. रिपोर्ट हातात असताना ते माझ्याकडं भाऊबीजेला आले होते. त्या वर्षी घाई आहे म्हणून जेवले नाहीत, पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही, एक करंजी कागदात बांधून घेतली. मी मनात म्हटलं होतं, किती साधा माणूस, बहिणीला त्रास नको म्हणून. रिपोर्ट हातात असतानाच त्यांनी भंडारा उचलला. मी उठले. तिथल्या नळावर तोंड धुतलं, पावडरच्या वासाचं ते पाणी मला त्या दिवशी अमृतासारखं लागलं.

संध्याकाळी बस आली. आप्पांच्या कपाळाला गंध, हातात प्रसादाची पिशवी. हॉलमध्ये शिरले आणि पहिला प्रश्न, "मासे कुठं हायेत?"

"मेले. बोअरचं पाणी घातलं मी."

ते माझ्यावर चिडलेच. "तुला सांगितलं व्हतं ना, मागच्या टाकीतलंच घाल म्हणून? येवढं सांगून गेलो तुला."

"माशांचं सांगितलं व्हतं, आप्पा. अंकिताचं न्हाई सांगितलं."

साखरवहिनी तशाच स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यावरून मला कळलं की त्यांनाही माहीत होतं. आप्पा सोफ्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. नाकबूल काही केलं नाही. एवढंच म्हणाले, "करार हाय कंपनीसंगं, खाणीचा. आणखी दीड वर्सं हाय. मोडता येत न्हाई."

"आन् भंडारा?"

"मी काय बोललो ते आठव. पाणी कमी पडणार न्हाई म्हणलो. चांगलं हाय असं म्हणलो का?"

म्हणजे त्या दिवशी हौदाजवळ, आत्यांनी पिशवी पुढं केली तेवढ्या वेळात, या माणसानं देवासमोर काय बोलायचं आणि काय गाळायचं हे मनात जुळवलं होतं. देवाला फसवायला तो घाबरला. आम्हाला फसवायला नाही.

"मला एकटीला तरी सांगायचं," मी म्हणाले. "पोरगी रात रात वरडायची. तुम्ही तिला दवाखान्यात बघायला आलाता. केळी घेऊन आलाता."

"तुला सांगितलं असतं तर तू बिरदेवला सांगितलं असतंस. मग त्यानं प्लॉट घेतला असता व्हय?" त्यांचा आवाज शांत होता, हिशोबाच्या गोष्टी बोलाव्यात तसा. "झालं ते झालं. तू माझी बहीण हाईस. उद्यापास्नं माझ्या टाकीतलं चार हंडे तू नेत जा, पोरीला त्येच पाज. बाकीच्यांस्नी बोलू नको."

"धुरपदाचं बाळ सात महिन्याचं हाय."

"तू तुझं बघ की."

मी किल्ल्या टीपॉयवर ठेवल्या. म्हणाले, "बिरदेवचा सोमवारी स्लॅब हाय. मी उद्या पाटसला जाणार."

आप्पा मान हलवून म्हणाले, "जा. तुझा भाऊ हाय, तुला जायलाच पाहिजे." इतक्या मायेनं म्हणाले, की मला क्षणभर वाटलं, कुठंतरी लाज वाटली असेल त्यांना.

त्याच संध्याकाळी मी धुरपदाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आधी भावाचा स्लॅब थांबवते, मग परत येऊन गावभर सांगते, असं मनाशी ठरवलं. एक रात्र मीही आप्पांसारखीच वागले, हे मला कबूल केलं पाहिजे. संपत स्टँडजवळच्या ओळखीच्या हॉटेलातून एक हंडा भरून आला. आम्ही चौघांनी तेवढ्यावर रात्र काढली. आत्यांनी कमरेची पिशवी सोडून खुंटीला टांगली होती.

सकाळच्या गाडीनं दौंड, तिथून पाटस, तिथून वाडीपर्यंत चालत. बिरदेवच्या घरापुढं जिथं मेंढरं कोंडायची, तिथं नुसती जाळी गुंडाळून ठेवलेली. तो ओट्यावर बसला होता. मला बघून उठला नाही.

"तुझा आप्पा येऊन गेला पहाटं," तो म्हणाला. "जीप घिऊन."

"काय म्हणला?"

"म्हणला, बोअरचं पाणी बिघडलंय. आन् म्हणला, साधनाला दिवाळीपास्नंच ठाव हाय. तिला मी घरातनं येगळं पाणी देतोय. भावाचा शेजार पाहिजे म्हणून तीच गप बसली."

"खोटं हाय ते. बिरदेवा, माझी पोरगी आजारी हाय वर्सभर. मी जाणूनबुजून पाजलं व्हय तिला?"

"हितं आली की बरी असती. तूच सांगत व्हतीस. मग तुला कळलं न्हाई?"

खरंच, मला का कळलं नाही? मी म्हणाले, "आप्पांवर इश्वास ठेवला मी."

"तू त्येच्यावर ठेवलास. मी तुझ्यावर ठेवला," बिरदेव म्हणाला. "मेंढरं मागं सरली व्हती साधे. मी बघत व्हतो. तू म्हणलीस, घे बिनघोर."

मी त्याच्या पायाशी बसले. सोपानरावांचं सांगितलं, बरणीतला मासा सांगितला, नाव घेऊ नका म्हणाले तेही सांगितलं. भावजय दारात उभी राहून ऐकत होती. ऐकता ऐकता बिरदेवचा राग उतरल्यासारखा वाटला. त्यानं डोळे पुसले. मला वाटलं, चला, हा तरी राहिला मला. मग तो म्हणाला, "बरं. तुला ठाव नव्हतं, मानतो मी. आता एक काम कर माझं."

"काय करू?"

"कुणाला काय बोलू नको. आप्पा म्हणला, दोन-तीन महिन्यांत गिऱ्हाईक बघून देतो. रांजणगावला बाहेरगावची लई माणसं येत्यात कामाला, त्यास्नी काय म्हाईत असतंय. घर बांधून झालं की इकून टाकतो. मेंढरं घेतो परत. तवर गप बस."

"बिरदेवा, घेणाऱ्याच्या घरात पोरं असतील."

"माझ्या बी घरात हायेत."

हा माझा भाऊ. मेंढराचं पिल्लू चालून दमलं तर खांद्यावर घेऊन दहा कोस चालणारा. त्याच्या तोंडातून आप्पांचंच बोलणं निघत होतं, आणि त्याला ते ऐकू येत नव्हतं. आप्पांनी माझं किती घेतलंय, ते मला त्या ओट्यावर कळलं.

भावजयीनं चहा आणला, तो न घेता मी उठले. बिरदेवनं हाताला धरून मला थांबवलं. आवाज न चढवता म्हणाला, "बोललीस तर मला बहीण न्हाई."

एसटीत खिडकीपाशी बसून मी पुष्कळ विचार केला. दोन-तीन महिने गप्प बसायचं, एवढंच तर होतं. भावाची मेंढरं परत आली असती. माझ्या पोरीला आप्पांच्या टाकीतलं पाणी मिळालं असतं. कुणी मला नावं ठेवली नसती, कारण कुणाला कळलंच नसतं. इतकं सोपं असतं ते. आप्पांनाही असंच सोपं वाटलं असणार.

दिवस मावळायच्या आत मी प्लॉटवर पोचले. घरी न जाता आधी धुरपदाचं दार वाजवलं. तिनं बाळ कडेवर घेऊन दार उघडलं, आत ये म्हणाली. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि दसऱ्याच्या रिपोर्टपासून सांगायला सुरुवात केली. सांगताना मला समजत होतं की प्रत्येक वाक्याला माझा भाऊ माझ्यापासून लांब चाललाय. तरी मी शेवटपर्यंत सांगितलं, आणि मग पुढच्या घरी गेले.